दहापैकी नऊ

आमचे हे, म्हणजे डॉक्टर जयंत धाबे, अडतीस वर्षं तात्यापाऱ्यात दवाखाना चालवत आहेत. फिट आणि लकवा ह्या दोन गोष्टींसाठी लोक पार धमतरीहून त्यांच्याकडे येतात. आता कौन्सिलचा नियम असा, की डॉक्टरनं पाच वर्षांत तीस क्रेडिट मिळवायचे, म्हणजे आपण अजून शिकतोय हे कागदावर दाखवायचं. नाही दाखवलं तर नोंदणीचं नूतनीकरण अडतं, आणि नोंदणी नाही तर दवाखाना नाही. आमची शेवटची तारीख होती एकतीस मे. बावीस तारखेला हिशोब केला तेव्हा अठ्ठावीस झाले होते.

त्यातले नऊ त्यांनी परिषदांना जाऊन, सही करून आणि जेवून मिळवलेले. उरलेले एकोणीस माझे.

हसू नका. आमच्याकडे हे सर्रास चालतं. कुणाचा कंपाउंडर करतो, कुणाची सून करते. गेल्या हिवाळ्यात एका लग्नात आम्ही चार डॉक्टरांच्या बायका एका टेबलावर बसलो होतो, तेव्हा कळलं की चौघींपैकी तिघी नवऱ्याच्या नावानं परीक्षा देतात. चौथीच्या नवऱ्याला अजून नियमच माहीत नव्हता.

आमच्या घरी मेंदूच्या आजारांचं एक इंग्रजी जर्नल येतं. तेच कंप्युटरवरही असतं. एक लेख वाचायचा, खालचे दहा प्रश्न सोडवायचे, सात बरोबर आले की एक क्रेडिट आणि नावानिशी सर्टिफिकेट. लेक कौमुदी हैदराबादला असते, तिनं सगळं फोनवर जोडून दिलं आणि बजावलं, "आई, ये पापा को खुद करना है. आप मत करने लगना." पोट्टी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. मी हो म्हटलं.

पण हे तीनला घरी यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. "लेख वाचता का?" विचारलं की, "उद्या वाचतो." असे उद्या किती गेले. शेवटी मी हात टेकले आणि स्वतःच बसले.

मी एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात फाइली पाहिल्या आहेत. फाइल समजून घ्यायची नसते, तिच्यातून हवी ती ओळ शोधायची असते, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. प्रश्नात जो शब्द असेल तो लेखात शोधायचा, मागची-पुढची ओळ पाहायची, पर्यायांशी जुळवायची, बटण दाबायचं. लेखात काय लिहिलंय ते मला विचारू नका. पण मी सातच्या खाली कधी आले नाही. बहुतेक वेळा नऊच. खरं सांगते, थोडा गर्वही वाटायचा. आणि कंटाळा तर इतका यायचा, की वाटे, ह्या माणसानं आयुष्यभर लोकांचे मेंदू तपासले, आता दहा प्रश्नांसाठी माझा का खातो?

बावीस तारखेला दुपारी बाराला मी एकोणतिसाव्या क्रेडिटचा लेख उघडला आणि नेट गेलं. कूलर घरघरत होता, बाहेर चौबे कॉलोनीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. म्हटलं, छापील अंकात उत्तरं काढून ठेवू. ह्यांच्या टेबलावर वर्तमानपत्राखाली एक अंक होता, तोच घेतला. नव्हता तो मला हवा असलेला, जानेवारीचा निघाला.

ह्यांची एक जुनी सवय आहे. लेख वाचून झाला की वरच्या कोपऱ्यात 'वाचला' असं लिहून तारीख टाकायची. जुन्या अंकांत पानामागे एखाद-दुसरी ओळ अधोरेखित असते, आणि कोपऱ्यात एकदाच 'वाचला'. ह्या अंकातल्या एका लेखावर 'वाचला' अकरा वेळा लिहिलेलं होतं. अकरा वेगवेगळ्या तारखा. पहिली जानेवारीतली, शेवटची मागच्या रविवारची. आणि लेखातली एकही ओळ अधोरेखित करायची सुटलेली नव्हती. काही ओळींखाली तीन-तीन रेघा.

लेख विसरण्याच्या आजाराबद्दल होता, सुरुवातीला तो कसा ओळखावा ह्याबद्दल. ह्याचं क्रेडिट मी जानेवारीतच घेतलं होतं. दहापैकी नऊ.

त्या दिवशी मी तो पहिल्यांदा वाचला. उभ्यानं, टेबलाला धरून, पहिल्या ओळीपासून. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, की अनेकदा घरातलं कुणीतरी रुग्णाची कामं गुपचूप स्वतः करू लागतं, त्यामुळे रुग्णाला जमत नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही आणि निदान लांबतं. ह्यावर सातवा प्रश्न होता. मला चांगला आठवतो, कारण तो सोपा होता. माझं उत्तर बरोबर आलं होतं.

दवाखान्यातून घरी यायच्या दहा मिनिटांच्या रस्त्याला ह्यांना हल्ली पाऊण तास लागत होता, आणि मी ट्रॅफिकला शिव्या घालत होते. कंपाउंडर यशोधनला हे श्यामराव म्हणून हाक मारायचे, श्यामराव तर दहा वर्षांपूर्वी काम सोडून गेला, आणि मी म्हणत होते, वय झालं. वर्षभर मी ज्याला आळस म्हणत होते तो आळस नव्हताच. मला त्यांचा राग नाही आला, स्वतःचा आला. भयंकर आला.

तीनला हे आले. वरणभात वाढला, त्यांनी खाल्ला. तोवर नेट परत आलं होतं. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"उरलेले दोन तुम्ही द्या," मी म्हटलं.

"आता? झोप येऊन राहिली, सुनेत्रा."

"आताच. फिटच्या औषधांवर लेख आहे. तुमचाच विषय आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा लावला. लेख वाचला, अर्धा तास लावून. मग पहिला प्रश्न वाचला, उत्तर शोधायला लेखात वर गेले आणि तिथे थांबले. काय शोधायला आलो ते निसटलेलं. पुन्हा खाली, पुन्हा प्रश्न, पुन्हा वर. मी शेजारी बसून त्यांचं बोट बघत होते. एकाच प्रश्नासाठी ते बोट नऊ वेळा खाली-वर गेलं. मला वाटलं, लॅपटॉप ओढून घ्यावा आणि पटापट टिचक्या माराव्या. माझे हात अक्षरशः शिवशिवत होते. मी ते मांडीखाली दाबून बसले.

दहापैकी चार आले.

"पुन्हा देता येते?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

"राहू दे." त्यांनी चष्मा काढला. "तुले किती पडत होते?"

"नऊ."

"मग उद्यापासून तूच बस दवाखान्यात." हसले, पण ते हसणं टिकलं नाही.

मी जानेवारीचा अंक पुढे ठेवला. त्यांनी कोपऱ्यातल्या तारखांवरून बोट फिरवलं.

"मले दिवाळीपासून शंका होती," ते म्हणाले.

"मग बोलले काहून नाही?"

"रोज ठरवतो बोलायचं. मग राहून जाते. कधी भीतीनं राहते, कधी खरंच विसरतो. आता कोणत्या दिवशी काय झालं, हे मी कसं सांगू?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. डॉक्टर माणसाला ते बरोबर जमतं. मग एकदम त्यांचा आवाज चढला, अडतीस वर्षांत माझ्यावर चढला नव्हता तसा.

"पण तू काहून दिले माझ्या नावानं? लोक त्या नावावर भरवसा ठेवून येतात माझ्यापाशी. मी नापास झालो असतो तर कोणी तरी विचारलं असतं न, का बा, धाबे डॉक्टर, काय होऊन राहिलं तुले?"

दवाखाना बंद झाला तर हे घरी बसून खचतील, एवढंच मी पाहिलं होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "दिवाळीपासून मी कोणाले चुकीची गोळी तर नाही न लिहून दिली?"

यशोधनला फोन करून मी पेशंटचं रजिस्टर मागवलं. नाव, फोन नंबर, औषध, तारीख. त्यानं आणून दिलं, दोघांची तोंडं पाहिली आणि न विचारता गेला. दिवाळीच्या पानापासून मी सुरुवात केली. पहिले तीन फोन ठीक निघाले. चौथा ब्राह्मणपाऱ्यातला होता, एका म्हाताऱ्या पेशंटच्या सुनेनं उचलला. ह्यांनाही ऐकू यावं म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"नमस्ते, धाबे डॉक्टर के यहाँ से बोल रही हूँ. बाबूजी को जो दवा लिखी है, उसकी स्ट्रिप देखकर नाम पढ़ दोगी?"

"हव दीदी. कौन सी वाली? दो पर्ची है न. फिट रुकी नहीं तो आठ दिन बाद फिर दिखाने आए थे, तब साहब ने दूसरी लिख दी. हम दोनों खिला रहे हैं." तिनं दोन्ही नावं वाचली. मग म्हणाली, "फिट तो अब नहीं आती. बस, दिनभर सोते रहते हैं. उठाओ तो गिर पड़ते हैं."

नावं ऐकताक्षणी ह्यांना कळलं होतं, ते जुनं ज्ञान जागेवरच होतं. "एकच औषध आहे ते," ते म्हणाले. "दोन कंपन्यांचं."

"काय सांगू तिले?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं. अडतीस वर्षांची सवय. मग मिटलं. आमच्या दवाखान्याच्याच गल्लीत पुढे डॉक्टर पराग बसतो, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याच्याकडे आपणहून एकही पेशंट त्यांनी आजवर पाठवला नव्हता.

"मले नको विचारू," ते म्हणाले. "परागकडे पाठव. आत्ताच्या आत्ता, दोन्ही चिठ्ठ्या घेऊन. मी त्याले फोन करतो."

मी तिला तसं सांगितलं, दोनदा सांगितलं. फोन ठेवला, तोवर ह्यांनी स्वतःच्या फोनवरून परागला कळवलं होतं. ह्यांनी रजिस्टर स्वतःकडे वळवलं, त्या नावापुढे पेन्सिलनं खूण केली आणि पुन्हा माझ्यासमोर सरकवलं.

"पुढचा नंबर लाव," ते म्हणाले.