ओटीचा खण

वकीलबाईंचं पेन ‘राहण्याचा पत्ता’ या रकान्यावर आलं, तशी यशोदाबाई खुर्चीच्या टोकाला सरकली.

“लिवा ना म्याडम, आमचंच घर. बोदलकसाजवळ. पोरगी मायच्या घरी नाई राहीन त कोठी राहीन?”

“तिला बोलू द्या,” अल्काताई म्हणाल्या. गोंदियाच्या कोर्टात अशा पोरींचे खटले त्या फुकट चालवत. “मंजू, नीट ऐक. भरपाई तुझ्या एकटीच्या खात्यात येईल. तुझं नाव कुठं छापून येणार नाही, साक्ष पडद्याआडून देता येईल. पण चंदा जामिनावर सुटली आहे. घरी भीती वाटत असेल तर निवारागृहात सोय करू. तो पत्ता कोणालाच कळणार नाही.”

मंजूने मान हलवली. कळलं मात्र अर्धंच. आठ महिन्यांपूर्वी गल्लीतल्या चंदाने तिला साडीच्या कारखान्यात कामाला म्हणून नेलं आणि राजस्थानात एका घरी बायको म्हणून विकलं. पोलिसांनी सोडवून आणल्याला आता पंधरा दिवस झाले होते. तेव्हापासून जो तो तिच्याशी गोड बोलत होता, आणि कोणाचं गोड खरं हेच तिला उमजत नव्हतं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मंजूला तर साधं पाणीही फुंकून प्यावंसं वाटे.

“घरून निघालीस त्या दिवसाचं काही आहे जवळ? तिकीट, फोटो?”

तिकीट चंदाकडेच होतं. मंजूने पिशवीत हात घालून एक हिरवा खण काढला. मार खाऊन पडली की ती हाच खण नाकाशी धरायची. त्याला घरच्या तांदळाचा वास होता.

“हेच आहे. मायनं देल्लं, निंगताना.”

अल्काताईंनी घडी उलगडली. आत हळदीकुंकवाचा डाग होता. कोपऱ्याची गाठ सोडली, तर तांदळाचे चार दाणे निघाले.

“ओटी भरली होती?” त्यांनी विचारलं. “कामावर जाणाऱ्या कुवार पोरीची?”

अशी ओटी सासरी निघालेल्या पोरीची भरतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मंजूने त्या दिवशी विचारलंही होतं, “कामाले जाताना ओटी कायले वं?” माय म्हणाली होती, “गप, शकुन असते.”

आता माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

“चंदा म्हने, पोरगा चांगला आहे, घर भरलं आहे, हुंडा नाई मांगत. पोरीले सांगशीन त येनार नाई म्हने.” तिचा आवाज चिरकला. “मले का मालूम, असे लोक अस्तीन म्हून? पोरगी सासरी चालली होती, म्याडम. रिकाम्या ओटीनं कशी धाडू?”

मंजूला राग येईना, रडूही येईना. मायने तिला विकलं नव्हतं. पण कारखाना खोटा होता, हे मायला ठाऊक होतं. या दोन गोष्टी एकाच मायच्या कशा, ते तिच्या डोक्यात काही केल्या बसेना.

अल्काताईंनी खण मंजूपुढे सरकवला. मग त्यांनी पेन उचललं.

“पत्ता काय लिहू, मंजू?”

मंजूने चारही दाणे वेचून पुन्हा कोपऱ्यात बांधले.

“आज नका लिवू,” ती म्हणाली, आणि मायकडे न पाहता तिने खण नाकाशी नेला. वास अजून घरचाच होता.