साडूचा अ‍ॅम्प्लिफायर

बद्रीनाथनं साडूचा हेवा करावा असं खरं तर काही कारण नव्हतं. तो जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत होता. शंभर दाण्यांतले किती उगवले हे मोजण्यात त्याची वीस वर्षं गेली होती आणि मोजमापात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. साडू सर्जेराव बदनापूरला विहिरीवरच्या मोटारी भरायचा. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसायची आणि तांब्याची नवी तार गुंडाळायची, हा त्याचा धंदा. अंगाला कायम वार्निशचा वास. अशा माणसाचा हेवा कोण करील? पण बद्रीनाथ करायचा, आणि पोट दुखेपर्यंत करायचा.

सुरुवात बायकोच्या एका वाक्यानं झाली. वंदना रविवारी बदनापूरला, थोरल्या बहिणीकडे, उषाबाईकडे गेली होती. परत आली ती गुणगुणतच. चपला काढताना म्हणाली, "दाजींनी जुना रेडिओ-बिडिओ जोडून काय मशीन बनवलंय! गाणं इतकं गोड वाजतंय, उठूच वाटंना."

बद्रीनाथच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण गाण्याचं मशीन हा त्याचा प्रांत होता. दोन वर्षं खपून त्यानं घरातल्या आठ बाय दहाच्या खोलीत जुन्या काळची हाय-फाय सिस्टीम उभी केली होती. हैदराबादहून रेकॉर्ड प्लेअर, पुण्याच्या जुन्या बाजारातून जपानी अ‍ॅम्प्लिफायर, आणि कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर. स्पीकरखाली ग्रॅनाइटचे तुकडे. भिंतीला चिकटले की आवाज गुबगुबीत होतो म्हणून दोन्ही स्पीकर भिंतीपासून अडीच फूट पुढं ओढलेले. सुतळी लावून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण आखला होता. दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्या टोकाला खुर्ची. खुर्चीच्या चार पायांखाली फरशीवर पांढऱ्या रंगाच्या चार खुणा. खुर्ची बोटभरही सरकलेली त्याला खपायची नाही.

खोली लहान, त्यामुळं बाकी सगळं बाहेर काढावं लागलं होतं. कपाट गेलं, शिलाई मशीन गेलं, भिंतीलगतचा जुना दिवाण गेला. दिवाणाचं काय करायचं म्हणून वंदनानं विचारलं, तेव्हा तो सुतळी धरून गुडघ्यावर बसला होता. "कुणालाही देऊन टाक," तो म्हणाला, "मला त्यातलं काही विचारू नको."

आणि एवढं करून बायको गोड म्हणत होती ती मोटारी भरणाऱ्याच्या मशीनला! या खोलीबद्दल तिनं दोन वर्षांत चांगलं किंवा वाईट अवाक्षर काढलं नव्हतं. दाराशी उभी राहून चहाचा कप पुढं करायची आणि निघून जायची. बद्रीनाथला जगाकडून शाबासकी नको होती. ती एकदा आत येऊन बसावी, एक गाणं पुरं ऐकावं आणि गुणगुणत उठावं, एवढंच त्याला हवं होतं. पूर्वी ती गुणगुणायची. केव्हा बंद झालं हे मात्र त्याला आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी तो स्वतः तिच्याबरोबर बदनापूरला गेला. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे झडतीला आल्यासारखे फिरत होते. सर्जेरावांच्या खोलीत जे दिसलं ते पाहून आधी त्याला बरंच वाटलं. एक स्पीकर लोखंडी कपाटावर, दुसरा धान्याच्या कोठीवर. त्रिकोण नाही, माप नाही. खोके जुन्या दाराच्या फळ्यांचे. अ‍ॅम्प्लिफायर तर एका मंडपवाल्याच्या भंगारातला, वॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा. त्याचा जळालेला ट्रान्सफॉर्मर सर्जेरावांनी स्वतःच्या हातानं भरला होता.

"आपल्याला काय कळतंय पाव्हणं," सर्जेराव म्हणाले. "तार भरायची तेवढी म्हाईत. लावून पाह्यलं, वाजून राह्यलं."

त्यांनी कोठीशेजारच्या जुनाट प्लेअरवर रेकॉर्ड लावली. दोघी बहिणी कोपऱ्यात गोधडी अंथरलेल्या बैठकीवर पाय दुमडून बसल्या, मधे मेथीची जुडी. बद्रीनाथला दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची मिळाली. गाणं सुरू झालं आणि त्याचं तोंड कडू झालं. आवाज खरंच गोड होता. त्याच्या खोलीत गाणाऱ्याचा प्रत्येक शब्द भिंतीवर आपटून परत यायचा. इथं शब्द यायचा आणि गप बसायचा. त्यानं हळूच टाळी वाजवून पाहिली. टाळी तिथल्या तिथं विरली. त्याच्या खोलीत ती कितीतरी वेळ खणखणायची.

वंदना मेथी निवडत गुणगुणत होती. त्याच्याकडं तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

वॉल्व्ह! बद्रीनाथनं मनाशी ठरवून टाकलं. सगळी करामत त्या वॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची आहे. गाणं संपल्यावर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "भाऊ, बारीक घूं येतंय. ऐकू आलं का?"

"न्हाई बा."

"येतंय. माझ्याकडं मीटर हाय. नेतो, तपासून आणतो."

घूं-बिं काही येत नव्हतं. सर्जेरावांनी मात्र दुसरा शब्द न बोलता वायरी सोडल्या आणि अ‍ॅम्प्लिफायर जुन्या लुंगीत बांधून त्याच्या हातात दिला. "जड हाय, सांभाळून. जल्दी न्हाई, सावकाश पाहा." बद्रीनाथ एसटीत तो मांडीवर घेऊन बसला. खोटं बोलल्याची लाज त्याला वाटली, पण आनंद लाजेपेक्षा मोठा होता. शेजारी वंदना खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्याबरोबर त्यानं तो जोडला. वॉल्व्ह तापले, लालसर उजळले. रेकॉर्ड लावून तो खुर्चीवर बसला. शब्द पुन्हा भिंतीवर आपटून परत आले, अगदी पूर्वीसारखेच. त्यानं वायरी बदलल्या. सुतळीनं त्रिकोण पुन्हा मोजला. शेवटी वंदनाला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत दाराशी आली, अर्धं गाणं उभ्यानं ऐकलं आणि म्हणाली, "छान वाजतंय." पाहुण्यांकडची भाजी कशीही असली तरी छान म्हणतात, तसं ते छान होतं. मग ती कुकर लावायला गेली.

तीन आठवडे अ‍ॅम्प्लिफायर 'तपासणीत' राहिला. सर्जेरावांनी एकदाही विचारलं नाही, त्याचाही बद्रीनाथला राग आला. आणि वंदना रविवारी बदनापूरला जायची ती जातच राहिली. आता तिथं काय उरलंय? वाजवायचं मशीन तर इथं आहे! चौथ्या रविवारी त्याचा धीर सुटला. ती गेल्यावर तासाभरानं तो पुढच्या एसटीत चढला.

सर्जेरावांच्या खोलीत वळचणीला टांगायचा असतो तसला साधा रेडिओ वाजत होता. एकच स्पीकर, तोही मधूनच खरखरणारा. सर्जेराव खाली सतरंजीवर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. दोघी बहिणी त्याच बैठकीवर. वंदनानं पाय पसरले होते, मांडीवर शेंगा होत्या आणि ती गुणगुणत होती. रेडिओपेक्षा तिचाच आवाज जास्त सुरात होता.

बद्रीनाथ दारातच थबकला. अंगाचा तिळपापड झाला, पण कुणावर चिडावं तेच त्याला कळेना. वॉल्व्ह नाही, मोठे स्पीकर मुके, त्रिकोण नाही. मग काय? मोजायची सवय असलेली त्याची नजर खोलीभर फिरली आणि पहिल्यांदाच त्या बैठकीवर थांबली. जाड कापसाची गादी, वर दोन गोधड्या, मागं लोड. टाळी का विरली ते त्याला त्याक्षणी कळलं. घुमणारा सगळा आवाज ही गादी पिऊन टाकते. सापडलं साडूचं गुपित!

"या पाव्हणं," सर्जेराव उठू लागले.

"भाऊ," बद्रीनाथनं चप्पलही न काढता विचारलं, "ह्यो दिवाण कुठून बनवून घेतला? मलाही असाच पाह्यजे. बिलकुल असाच."

उषाबाईंनी बहिणीकडं पाहिलं. वंदनानं शेंगा बाजूला ठेवल्या आणि गोधडीचं टोक वर केलं. दिवाणाच्या सागवानी फळीवर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, खाली तिच्या लग्नाचं साल.

"आपलाच हाय," ती म्हणाली. "कुणालाही देऊन टाक म्हणल्ते तुम्ही. मी ताईला देऊन टाकला."

बद्रीनाथला आठवलं. खोलीत दिवाण होता तेव्हा रविवारी दुपारी ती त्यावर भाजी निवडत बसायची, कोपऱ्यात छोटा रेडिओ असायचा आणि ती गुणगुणायची. कधी बंद झालं ते आता सांगता येत होतं. त्याच्या हातात सुतळी होती त्या दिवशी.

सर्जेरावांना पाहुण्याचा उतरलेला चेहरा बघवेना. "मंग न्या की! तुमचीच वस्तू. टेम्पो बोलवू का?"

"न्हाई दाजी," वंदना म्हणाली. आवाजात राग नव्हता. एसटीत जागा नाही हे सांगावं तशी ती बोलली. "तिकडं कुठं ठेवणार? तिकडं एका खुर्चीचीच जागा हाय."

बद्रीनाथनं मनातल्या मनात खोली मोजली. दिवाण सहा बाय तीनचा. तो ठेवायचा तर दोन्ही स्पीकर भिंतीला भिडणार, त्रिकोण मोडणार, आवाज गुबगुबीत होणार. साडू समोर बसला होता, ज्याला त्रिकोण म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं आणि ज्याच्या घरी आपली बायको गात होती. त्याचा हेवा अजून तसाच होता, फक्त आता त्याला अ‍ॅम्प्लिफायर नको होता.

"तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमधी काही घूं नव्हतं, भाऊ," तो म्हणाला. "उद्या आणून देतो." मग वंदनाकडं न बघता पुटपुटला, "मी जागा करतो."

"आधी करा," वंदना म्हणाली आणि शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या. "मंग बघू."