माझी उंची

मी साल्व्हिया बोलतोय. कडेगावात, सयाजीरावांच्या फाटकाजवळ उभा आहे. झाड म्हणा, झुडूप म्हणा. फूल जांभळं, हाताला मखमलीसारखं लागतं. मला बोलायची सवय नाही. सांगायचं तेवढं सांगतो.

माझा जन्म बियाण्यातून नाही, फांदीतून. मेढ्याचे आप्पासो डोंगरावरच्या एका बंगल्यात माळीकाम करत. त्यांनी मोठ्या झाडाची एक कांडी तोडली, दुधाच्या पिशवीत माती भरून खोचली. महिन्याभरात मला मुळ्या फुटल्या. त्यांची थोरली बहीण बनुबाई, म्हणजे सयाजीरावांची बायको, माहेरी आली होती. निघताना त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं.

"आक्का, फूल सरलं की कापायचं. एवढं ध्यानात असू दे."

सांगितलं ते खरं होतं. पण अर्धंच सांगितलं. त्या अर्ध्या गोष्टीनं मला मरणाच्या दारात नेलं.

सयाजीराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. तीन एकर ऊस. मुलगा विश्वजीत फौजेतच, लांब. घरात हे दोघं आणि सून संयोगिता. सयाजीरावांना एकच पीक कळतं, ऊस. त्यांनी मला उसासारखंच वाढवलं. फाटकापासून दारापर्यंत फरशीची वाट आहे, तिच्या कडेला काळ्या मातीत लावलं. बुडात मूठभर युरिया टाकला आणि सरीत सोडतात तसं पाणी सोडलं.

मी वाढलो. खोटं का बोलू, मला गर्व झाला. पावसाळा संपेपर्यंत सात फूट झालो. पानं हाताएवढी. रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

"सुभेदार, हे काय लावलंय?"

"मेव्हण्यानं दिलंय. माझ्या उसाच्या वर गेलंय बघा."

फुलाचं कुणी विचारलं नाही. फुलं चार-दोनच आली, तीही पार वर, कुणाला न दिसणारी. अंगात पाणी होतं, ताकद नव्हती. हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मार्गशीर्षात एका सकाळी मी माझ्याच वजनानं वाटेवर आडवा झालो. त्याच वाटेनं बनुबाई रोज चालत. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वॉकर घेऊन रोज फाटकापर्यंत दहा फेऱ्या मारा. वॉकरचा पाय माझ्या फांदीत अडकला. बनुबाई खाली बसल्या. हाड वाचलं, पण वॉकर धरूनही त्यांना एकटीनं उठता आलं नाही. ते मी पाहिलं. त्याची लाज मला अजून आहे.

दुपारी सयाजीराव कोयता घेऊन आले.

"आप्पासो म्हणलाच हाय, फूल सरलं की कापायचं. जमिनीबरोबर कापतो. खोडवा राखू."

उसाचा बुडखा जमिनीबरोबर तासला की नवा फुटवा जोमानं येतो, तोच खोडवा. गावातलं प्रत्येक पोर हे जाणतं. पण मी ऊस नाही. त्यांनी मला मातीबरोबर तासलं, वर युरिया दिला आणि रात्रभर पाणी सोडलं. ऐन थंडीत. उघड्या जखमा, थंड चिखल. माझी मुळं एका बाजूनं काळी पडत गेली. ओरडायला मला तोंड नव्हतं.

माघात संयोगितानं माती उकरून पाहिलं. ती तासगावकडची, द्राक्षबागायतदाराची मुलगी. लहानपणापासून कात्री हातात. तिनं कुजलेलं काढलं. एका कडेला दोन कोंब जिवंत होते, गव्हाच्या दाण्याएवढे.

"आबा, ह्यात जीव हाय."

"उपटून टाक. हितं पेरू लावू."

बनुबाई पायरीवर बसल्या होत्या. "आवं, माझ्या माहेरचं एवढंच हाय ह्या घरात."

"मग काय, माहेरचं म्हणून पाय मोडून घ्यायचा व्हय?"

संयोगितानं कोंबांवर माती सारली. मग संयोगिता म्हणाली, "एक साल द्या, आबा. मी बघते."

सयाजीरावांनी चुन्याचं बोट घेतलं आणि फाटकाच्या खांबावर आपल्या कमरेएवढ्या उंचीवर रेघ मारली.

"ह्या रेघेच्या वर गेलं, तर उपटीन. दिवाळीला फूल दिसलं न्हाई, तरी उपटीन. मग माझ्याकडं रदबदलीला कुणी यायचं न्हाई."

असा माझा निकाल ठरला. मी तिथंच होतो, मला कुणी विचारलं नाही.

संयोगितानं मला उचलून वाटेपासून दोन हात मागं लावलं. खाली खडी आणि वाळू घातली, मातीचा उंचवटा केला. युरिया बंद. पाणी, माती सुकली तरच. मला राग आला. सात फूट वाढलेल्याला हे उपासाचं जेवण.

पुढं त्याहून वाईट. वळवाचे पाऊस झाले, मी वीतभर झालो, चार जोड पानं आली. तेवढ्यात तिनं नखानं माझा शेंडा खुडला. सयाजीराव बघत होते.

"शेंडा खुडून कवा फूल आलंय?"

"द्राक्षाला येतंय, आबा."

"ही द्राक्षं हायत व्हय?"

"ऊस तरी कुठं हाय?"

सयाजीराव मिशीवरून हात फिरवत आत गेले. बनुबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

खुडलेला शेंडा तिनं टाकला नाही. कपात वाळू घेऊन त्यात रोवला. "हा राखीव, आत्या. हे झाड गेलं तर हा मेढ्याचाच."

मला अपमान वाटला. पण दहा दिवसांत खुडलेल्या जागी दोन फांद्या फुटल्या. आषाढात तिनं त्याही खुडल्या, चार झाल्या. मी वर जायचं विसरलो आणि रुंद होऊ लागलो. वारा आला तर हललो, पडलो नाही. बनुबाई वॉकर सोडून काठीवर आल्या. येता-जाता माझ्यावर हात फिरवत.

श्रावण संपता संपता त्याच म्हणाल्या, "संयोगिता, रेघेजवळ आलंय गं. अजून एकदा खूड."

"आता न्हाई, आत्या. आता खुडलं तर फूलच खुडल्यागत. दिवस लहान व्हायला लागलं की हे फुलावर येतंय."

"आणि वर गेलं तर?"

संयोगितानं माझ्या शेंड्यापासून खांबावरच्या रेघेपर्यंत बोटं लावून पाहिली. 

मी वर गेलो. थांबता आलं नाही. आश्विनात माझे तीन शेंडे रेघेच्या वर निघाले, चार बोटं. सयाजीराव खांबाशी उभे राहिले. बोटं मोजली.

"वर गेलंय."

बनुबाई म्हणाल्या, "रेघ तुमच्या कमरेची. म्हातारपणी कंबर खाली आली आसंल, त्याला झाड काय करणार?"

सुभेदारांनी पुन्हा एकदा बोटं मोजली. पण त्या दिवशी मला उपटलं नाही. दिवाळी अजून बाकी होती.

वसुबारस आली. शेंड्यांवर राखाडी कणसं धरली होती, रंग नव्हता. नरक चतुर्दशीला पहाटे अंघोळ करून सयाजीराव बॅटरी घेऊन आले, माझ्याजवळ वाकले, गेले. लक्ष्मीपूजनाला आले. रंग नाही. संयोगिता दारात उभी होती. हातात रांगोळीचा डबा, पण रांगोळी घालत नव्हती.

"दिवाळी पाडव्याला संपती," सयाजीराव म्हणाले.

पाडवा झाला. रंग नाही.

"भाऊबीज पण दिवाळीच की," ते म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

भाऊबीजेला आप्पासो ओवाळून घ्यायला आले. मला पाहून म्हणाले, "दाजी, आठ-दहा दिवसांत फुटंल."

"तुळशीच्या लग्नापर्यंत धरत्यात काही लोक दिवाळी," सयाजीराव म्हणाले आणि जेवायला बसले. आयुष्यात त्यांनी कुणाला रजा वाढवून दिली नव्हती.

तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी पहिलं कणीस जांभळं झालं. मग सगळीच झाली. मोजली नाहीत, पण खालपासून वरपर्यंत होती. पांढरी फुलं जांभळ्या मखमलीतून बाहेर आली, मधमाश्या आल्या. बनुबाईंनी लग्नाच्या मांडवाला माझे पाच तुरे लावले. सयाजीरावांनी मला पाहिलं आणि तीनच शब्द बोलले.

"दिसतंय बरं हे."

आता पौष संपत आलाय. माझं फूल सरलंय. परवा सयाजीराव कोयता घेऊन आले. माझ्यापुढं उभे राहिले.  मग कोयता कुंपणाच्या गडग्यावर ठेवला आणि घराकडं तोंड करून म्हणाले,

"सूनबाई, तुझी कात्री आण. आणि कुठनं कापायचं ते दाखीव."

"एवढ्यात न्हाई, आबा. थंडी सरू द्या. बुडाशी कोंब दिसला की मग, त्याच्या वर चार बोटं ठेवून."

"बरं."

लोकहो, मला वाढू द्या असं मी म्हणणार नाही. मला कापा, खुडा, आवरा. आवरलं नाही तर मी कुणाला तरी पाडतो, हे मी पाहिलंय. फक्त कात्री लावायच्या आधी माझ्या बुडाशी बघा. तिथं काय चाललंय ते वरून दिसत नाही.

सयाजीराव रोज सकाळी बघतात. गुडघे दुखतात, तरी माझ्यासमोर खाली बसतात, चष्मा पुसतात आणि बोटानं माती बाजूला करतात.