देवाचा उजवा हात

मूर्तिकाराने ओल्या फडक्याने देवाचा खांदा पुसला आणि तुटलेल्या कोपरावर बोट ठेवून विचारलं,

"इथून पुढे हात कसा होता?"

समितीचे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. भिंत रंगवताना शिडी पडली आणि प्रार्थनाघराच्या दारातल्या या दगडी देवाचा उजवा हात गेला. तुकडा राडारोड्यात कुठे नाहीसा झाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"वर होता. आशीर्वादाचा," अध्यक्ष म्हणाले.

"छे हो. बोट दाखवत होता. ज्याला कळायचं त्याला बरोबर कळायचं," असं म्हणून चिटणीसांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

खजिनदारांच्या मते हातात काहीतरी होतं. काय, ते त्यांना आठवेना.

"रोज त्याच दारातून जाता ना?" मूर्तिकाराने जपूनच विचारलं.

"जातो की. पण देवासमोर मान खाली असते आमची."

ते गेल्यावर बायको पाणी घेऊन आली. लेक गेल्यापासून तिने त्या दाराकडे पाठ फिरवली होती, आणि देव दुरुस्तीला घरी आल्यापासून तर ती पडवीतही फिरकली नव्हती. आज मात्र पेला ठेवून ती थांबली.

"पुढे होता. तळवा वर," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"पोर गेली त्या दिवशी जाब विचारायला गेले होते. दार बंद होईपर्यंत उभी होते. अक्षर बोलला नाही मेला. नुसता हात पुढे केलेला. माफी मागत असावा." तिने रिकामा पेला उचलला. "मी काही दिली नाही."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघराची झाडूवाली पोत्यात गुंडाळून हात घेऊन आली. वर उचललेला, आशीर्वादाचा. एक बोटही दुखावलेलं नव्हतं.

ती गेल्यावर मूर्तिकाराने तो कोपराला लावून पाहिला. चपखल बसला. आत एक सळई घातली की संध्याकाळपर्यंत काम उरकलं असतं. स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो ऐकत मूर्तिकार देवाचा हात धरून बराच वेळ उभा राहिला. मग त्याने हात पुन्हा पोत्यात गुंडाळला, बाकाखाली सरकवला आणि छिन्नी घेऊन आधी देवाच्या कोपराची कडच तासून टाकली. जुना हात आता पुन्हा बसणार नव्हता.

नवा हात जोडून झाल्यावर समिती पाहायला आली.

"मी म्हणत नव्हतो? आशीर्वादच," अध्यक्ष म्हणाले. "जरा खाली आलाय, इतकंच."

"बोटं नीट बघा, म्हणजे कळेल," चिटणीस म्हणाले.

"यात काहीतरी होतं खरं," खजिनदार पुटपुटले.

तिघे गाडी आणायला गेले तशी बायको बाहेर आली. ओले हात पुसत ती देवापुढे उभी राहिली. मग तिने आपला हात त्या दगडी तळव्यावर ठेवला.

"पूर्वी असा नव्हता बहुतेक," ती म्हणाली.

मूर्तिकार बाकाजवळचा दगडाचा चुरा झाडू लागला.

तिने हात तसाच राहू दिला.

"बरं, असू दे आता."

मूर्तिकार 'हो' म्हणणार होता, पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती. त्याने पायानेच पोतं बाकाखाली आणखी आत ढकललं.