चष्मेवाल्यांसाठी काठी

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या दुकानात गोल्फच्या काठ्या मिळायच्या, पण मागाल ती मिळायची नाही. आधी गिऱ्हाइकाने मागच्या खोलीत जाऊन हिरव्या चटईवरच्या चेंडूला टोला मारायचा. चटईशेजारी टोल्याचा वेग मोजणारा एक लोखंडी डबा होता. काठीचं डोकं त्याच्यासमोरून गेलं की वरचा काटा हलायचा, आणि तो बघून अप्पा दांडा सांगायचे. हात वेगाने फिरत असेल तर कडक दांडा, हळू फिरत असेल तर लवचीक. हळू माणसाला कडक दांडा दिला तर चेंडू उठतच नाही, जमिनीलगत उजवीकडे पळतो. शास्त्र एवढंच, पण ते कुणाला ऐकायचं नसायचं. सगळ्यांना कडकच हवा असायचा. एका न्यायाधीशांना अप्पांनी मऊ दांडा सांगितला, तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही आले. अप्पांनी निकाल बदलला नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली. घर आत्या बघायची आणि स्थळंही तीच आणायची. मुलगा यायचा, बैठकीत बसायचा, हवापाण्याचं बोलून व्हायचं, आणि मग अप्पा त्याला म्हणायचे, "चला, जरा मागे." आत्या कपाळाला हात लावायची. अप्पांचं म्हणणं असं, की ज्याला स्वतःचा वेग मान्य नाही, तो घरात एकतर सगळ्यांना पळवणार, नाहीतर सगळ्यांना अडवणार. वेग कितीही असो. त्याला जुळणारी काठी निघाली आणि मुलाने ती निमूट घेतली, की स्थळ पसंत. पण निमूट घेतो कोण? एका इंजिनिअरने काटा वर चढवायच्या नादात असा टोला हाणला की कमरेत उसण भरली, आणि त्याला आईवडिलांनी दोन्हीकडून धरून घरी नेलं. दुसऱ्याने छताचा दिवा फोडला आणि वर विचारलं, "किती आला?"

चष्मेवाल्यांना मात्र मीच शोधलं. डोळ्यांचा नंबर वाढला म्हणून त्यांच्या दुकानात गेले होते. ते एक भिंग घालायचे, काढायचे, पुसायचे, दुसरं घालायचे, आणि मी काय सांगते ते प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. दुपारी गेलेली मी दिवेलागणीला बाहेर पडले, तेव्हा मला तक्त्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर दिसत होतं आणि लग्न कुणाशी करायचं तेही कळलं होतं. मी आत्याला सांगितलं, आत्याने अप्पांना.

चष्मेवाले आले आणि चटईवर उभे राहिले. काठी वर नेली. वर गेल्यावर थांबले. अप्पांना वाटलं, काहीतरी विसरले असतील. मग काठी खाली यायला लागली, गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तशी. ती चेंडूला लागली, चेंडू चटईच्या कडेपर्यंत गेला आणि तिथे थबकला. काटा हलला नाही.

डबा बिघडला असं धरून अप्पांनी आत्याला त्याच्यासमोर केरसुणी फिरवायला लावली. काटा हलला. मांजर शेपटी हलवत गेलं, तरी हलला. चष्मेवाल्यांनी पुन्हा मारलं. काटा ढिम्म.

दुसरा कुणी ओशाळला असता. हे म्हणाले, "बरोबर आहे. माझं असंच आहे."

अप्पांना उत्तर आवडलं, हे त्यांच्या भुवयांवरून कळलं. पण घोडं काठीपाशी अडलं. इतका मऊ दांडा दुकानात नव्हता, कुठल्याच दुकानात नव्हता. रागावून गेलेली गिऱ्हाइकं पुष्कळ होती, पण काठीच नाही म्हणून परत गेलेलं एकही नव्हतं. अप्पांनी ते मनाला लावून घेतलं.

मग चष्मेवाले रोज दुकान बंद करून आमच्याकडे यायला लागले. अप्पांनी बायकांच्या काठीचा दांडा तासून पाहिला, लहान मुलांचा पाहिला, वेत पाण्यात भिजवून पाहिला. एकदा बागेतल्या रबरी नळीला डोकं बसवलं, ते चष्मेवाल्यांच्या पोटरीला लागलं. दार लोटून दोघं आत घासत, चिकटवत, गप्पा मारत बसायचे. मी बाहेर ताटकळत असायची. अप्पांना इतक्या वर्षांत इतका चांगला मित्र मिळाला नव्हता, आणि माझ्या लग्नाचा विषय दोघांपैकी कुणीच काढत नव्हतं.

तेवढ्यात आत्याने गोल्फच्या मैदानाचे व्यवस्थापक आणले. त्यांनी टोला मारला आणि काटा बरोबर मधोमध थांबला. त्यांची काठी फळीवर तयारच होती. त्यांनी ती निमूट घेतली, आभारही मानले. त्यांना नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, हीच माझी पंचाईत. अप्पांनी ठरवून टाकलं: रविवारी संध्याकाळपर्यंत चष्मेवाल्यांची काठी जमली तर ठीक, नाहीतर व्यवस्थापकांना होकार. मी जेवायचं सोडलं. आत्या म्हणाली, उपाशी राहून दांडा मऊ होत नाही.

रविवारी अप्पांनी मासे पकडायच्या गळाच्या काठीचं शेंड्याकडचं टोक घेतलं आणि त्याला डोकं बसवलं. नुसतं हातात धरलं तरी ते डोकं मान डोलवायचं. चष्मेवाल्यांनी काठी वर नेली, खाली आणली, पूर्ण फिरवली, सरळ उभे राहिले. डोकं अजून मागेच होतं. अप्पा चेंडू बघायला वाकले. आत्या म्हणाली, "संपलं का?" आणि तेवढ्यात डोकं मागून सणसणत आलं. चेंडू अप्पांच्या कानाजवळून, उघड्या खिडकीतून, समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर जाऊन आदळला. काटा पार शेवटच्या आकड्यापर्यंत गेला आणि तिथेच अडकला.

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मेवाल्यांचा हात धरला. माझा जीव भांड्यात पडला.

चष्मेवाले काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अप्पा, हा वेग माझा नाही. काठीचा आहे."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. आत्या म्हणाली, "मग दादा, तू मुलगी काठीलाच दे." अप्पांनी तेही मनावर घेतल्यासारखं काठीकडे पाहिलं. ती अजून हलत होती.

मी पुढे झाले. त्या खोलीत मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"अप्पा, यांना कोणतीच काठी लागत नाही," मी म्हटलं. "मला घाई नाही."

 अप्पा डब्यापाशी गेले, काटा शून्यावर आणायला लागले, तो येईना, तेव्हा त्यांनी सरळ डब्याची विजेची तारच काढली. वळून त्यांनी चष्मेवाल्यांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं? मुलगी पसंत आहे?"

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. आम्ही थांबलो. पुढच्या दाराची घंटा वाजली. व्यवस्थापक ठरल्या वेळी उत्तर घ्यायला आले होते. आत्या जाऊन त्यांना नाही म्हणाली. ते का म्हणून विचारायला लागले, आत्याने सांगितलं, त्यांना पटलं नाही, आत्याने परत सांगितलं. शेवटी त्यांनी टोपी घातली आणि गेले. आत्याने कडी लावली आणि आत आली. अप्पांनी तोवर स्टूल ओढून घेतलं होतं. मी चष्मेवाल्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते. उत्तर निघालं होतं, वाटेत होतं. मला ते दिसत होतं, पण मी मध्ये बोलले नाही.

"हो," ते म्हणाले.