माझ्या उंचीची घोडी

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या नवऱ्याचं नाव चिंधा. घेतलं, काही आभाळ कोसळलं नाही. मी त्याच्यापेक्षा टीचभर उंच. लग्नात माळ घालताना त्याला टाचा उचलाव्या लागल्या, मांडवभर लोक हसले, आणि त्यांच्याबरोबर तोही हसला. तेव्हाच म्हटलं, माणूस बरा आहे.

सुरतेच्या बमरोलीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मिलिंग मशीन, मागच्या खोलीत आम्ही. प्लेगच्या साली अर्धी सुरत गाव सोडून पळाली, तेव्हा एका पळणाऱ्याने ते मशीन चिंधाला भंगाराच्या भावात दिलं. खालचा स्टँड त्याने आधीच विकून टाकला होता. म्हणून मशीन थेट फरशीवर बसवलं, आणि चिंधाच्या उंचीला ते बरोबर आलं. लूमचे शाफ्ट यायचे, आम्ही त्यांत चाक अडकवायच्या चावीची खाच पाडून द्यायचो. आम्ही म्हणते, कारण भाकरी उरकून मी त्याच्या शेजारी उभी राहायची आणि बघता बघता शिकले.

मग गेल्या वर्षी शाफ्टांचा गठ्ठा उचलताना त्याचा मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, बसून होईल ते काम करा, दिवसभर उभं राहणं आता विसरा. तेव्हापासून मशीनवर मी. हँडल माझ्या कमरेखाली, कटर त्याच्याही खाली. सकाळपासून वाकलेली मी संध्याकाळी सरळ व्हायची म्हणजे भिंत धरून व्हायची. एका घरात दोन मोडक्या कंबरा परवडत नाहीत.

त्यात माझा दीर निंबा आला. चिंधाचा धाकटा भाऊ, पलसाण्याला हायवेवर त्याची शेड. डाइंगवाल्यांची दुरुस्तीची कामं करतो. चहा पिऊन झाल्यावर बशी खाली ठेवत म्हणाला, "दसराले मशीन पलसाणाले लई जास मी. दादा बरा व्हई गया की आनी दिसू. वयनीना हाल माले देखाले जात नहीत."

माझ्या हालांची एवढी काळजी त्याला आजवर कधी वाटली नव्हती. मशीन एकदा त्याच्या शेडमध्ये गेलं की ते त्याचं, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. मग मी काय करायचं? गल्लीतल्या बायकांसारखं साड्यांना टिकल्या चिकटवत बसायचं. वाईट काम नाही ते. पण मला खाच पाडता येते, मी टिकल्या का चिकटवू?

निंबा गेल्यावर मी चिंधाला म्हटलं, "घोडी करा. मशीन वर उचली लिऊत."

घोडी म्हणजे मशीनखाली ठेवायची लोखंडी चौकट. त्याला ते नको होतं. घोडी अवघड म्हणून नव्हे. मशीन माझ्या उंचीला गेलं म्हणजे तो पुन्हा त्यावर कधीच उभा राहणार नाही, हे घरात लोखंडाने लिहून ठेवल्यासारखं झालं असतं. बरा होशील, बरा होशील, असं सगळे त्याला म्हणत होते. मीही म्हणत होते. त्या दिवशी मला ते खोटं सोसेना.

"तुम्ही आते मशीनपुढे उभा ऱ्हाऊ शकतस नहीत," मी म्हटलं. "मी काय जनमभर वाकीसन ऱ्हाऊ?"

बोलले आणि रडूही आलं. पण शब्द मागे घेतले नाहीत.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, तर तो दारातच खडू घेऊन बसला होता. "सरळ उभी ऱ्हाय, हालू नको," म्हणाला, आणि माझ्या कोपराच्या उंचीला दाराच्या चौकटीवर रेघ मारली. पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

वेल्डिंग बसून होतं. गोणपाटावर बसून, काळी काच डोळ्यांपुढे धरून त्याने लोखंडी चॅनेलचे तुकडे जोडले. आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके. मग एक कोपरा जोडला की त्याच्या समोरचा. एकाच बाजूने भरत गेलं तर लोखंड थंड होताना तिकडेच ओढलं जातं आणि चौकट वाकडी होते. खाली उंची कमीजास्त करायला चार जाड बोल्ट, कारण आमची फरशी मोरीकडे उतरती. शेजारचा कुंदन आणि लूमवरचे त्याचे सोबती पहारी घेऊन आले. मशीन एका बाजूने थोडं उचलायचं, खाली लाकडाचा ठोकळा, मग दुसऱ्या बाजूने. असं करत ते घोडीवर चढलं. चिंधा पाना घेऊन एकेक बोल्ट फिरवत राहिला. वर ठेवलेल्या लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला तेव्हा गेल्या वर्षानंतर प्रथमच त्याने शीळ घातली.

सकाळी मी अनवाणी मशीनपुढे उभी राहिले आणि हँडल धरलं. खांदे वर गेले. घोडी उंच झाली होती, फार नाही, बोटभर. चिंधाने दाराच्या चौकटीवरची रेघ पाहिली, मग दाराबाहेर ठेवलेल्या माझ्या टायरच्या तळाच्या चपला पाहिल्या, आणि कपाळावर हात मारला. रेघ मारली तेव्हा मी बाजारातून आलेली, चपला पायातच होत्या.

मशीनपुढे आमच्याकडे कोणी चपला घालत नाही. त्याला कुंकू लागतं, ती लक्ष्मी. इतकी वर्षं लोखंडाचा कीस तळपायात घुसायचा आणि आम्ही सुईने काढत बसायचो, पण चपला बाहेरच.

"घोडीना पाय कापी टाकसू," चिंधा म्हणाला. "एक दिननं काम शे."

"काई कापानं नही," मी म्हटलं. बाहेर गेले, चपला घातल्या आणि आत आले. कोपर बरोबर हँडलाला आलं. पाठ सरळ. पायाखाली कीस करकरत होता आणि मला काही टोचत नव्हतं. चिंधाने तोंड फिरवलं. त्याला ते आवडलं नव्हतं, पण दसऱ्यापर्यंत मी तशीच चपला घालून काम केलं.

दसऱ्याला निंबा टेम्पो घेऊनच आला. त्याने दारात चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"हाई काय वयनी? लक्ष्मीपुढे चपला?"

त्याने घोडीला एक चक्कर मारली आणि हँडल धरलं. तो चिंधापेक्षाही बुटका. कोपर खांद्यापर्यंत गेलं, कटर दिसेना, म्हणून त्याने टाचा उचलल्या. चिंधाने लग्नात उचलल्या होत्या तशाच, फक्त हा हसत नव्हता.

"चपला घाली ल्या निंबाभाऊ, हात पुरी जाई," मी म्हटलं.

"घोडी आठेच ऱ्हाऊ दे," तो भावाकडे वळून म्हणाला. "मशीन उतारीसन लई जाऊत."

चिंधा पूजेला बसला होता. समोर पाटावर पाने, कटर, वेल्डिंगचा होल्डर मांडलेले. प्रत्येकाला कुंकू लावून झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "चपला काढ."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शेवटी भाऊ तो भाऊच. मी जागची हलले नाही.

"काढ," तो पुन्हा म्हणाला. "पूजाले लागतस."

मी काढल्या. त्याने त्या उचलून पाटावर कटरशेजारी ठेवल्या, दोन्हींना कुंकू लावलं, वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं. निंबाचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.

"हाई बी हत्यार शे," चिंधा म्हणाला. "टेम्पो रिकामा लई जाय, निंबा. मशीन आते तिनं शे."

निंबा तरातरा बाहेर गेला. टेम्पो सुरू झाला. पण सणाच्या दिवशी घरचा माणूस सोनं न घेता जाऊ नये, म्हणून मी कुंकवाच्या चपला पायात घातल्या, आपट्याचं पान घेतलं आणि मागे गेले. त्याने मुकाट्याने पान घेतलं. आमच्यात सोनं घेतलं की लहान दीर वहिनीच्या पाया पडतो. सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती, त्याला टाळता येईना. तो टेम्पोतून उतरला आणि वाकला.

मी पाय मागे घेतले नाहीत, आणि चपलाही काढल्या नाहीत.