हा अर्धा किलोमीटर कुणाचा?

‘दोर सैल करायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही.’ या खोलीत कामाला लागल्यावर माझ्या कानावर पडलेला हा पहिला नियम.

मी ट्रेडमिल बोलतेय. व्यायामशाळेतल्या त्या चकचकीत बहिणींपैकी नव्हे, हं! त्यांच्यावर माणसं पोट कमी करायला चढतात आणि आठवड्याभराने टॉवेल वाळत घालतात. मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची. मेंदूला इजा होऊन चालणंच हरवून बसलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणारी.

मला इथे आणलं तेव्हा फीत कापली, फोटो निघाले, तीन भाषणं झाली. मग दीड वर्ष माझ्यावर डॉक्टरांचे कोट लटकले. मला कसं वापरायचं ते सांगणारं पुस्तक कपाटात कुलूपबंद होतं आणि किल्ली कुणाकडे होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी कुलूप तोडलं, तेव्हा कुठे मी कामाला लागले.

माझ्या डोक्यावर लोखंडी चौकट आहे. तिच्यातून दोर खाली येतो, दोराला झोळी. ती पेशंटच्या कमरेला बांधायची आणि त्याचं थोडं वजन वर उचलून धरायचं, म्हणजे तोल गेला तरी माणूस आपटत नाही. मग दिवसागणिक दोर सैल करत वजन पायांवर येऊ द्यायचं. पुस्तकात असं लिहिलंय. पण पेशंट डगमगला की नातेवाईक तक्रार करतात, आणि तक्रार आली की वरचे साहेब थेरपिस्ट मॅडमना झापतात. म्हणून दोर कायमचा ताणलेला.

तीन महिन्यांपूर्वी ती आली. वय सव्वीस. जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी, दिवसभर उन्हात पायपीट करणारी. मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि डावी बाजू लुळी पडली. कचेरीने तिची जागा या महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती. तोवर स्वतःच्या पायांनी गेली तर नोकरी, नाहीतर घर.

सोबत थोरले काका आणि आत्या. काका मुख्याध्यापक होते. निवृत्त झालेत, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

‘ओढा, अजून वर ओढा!’ ते मॅडमना फर्मावत. ‘पोरगी काचेची आहे.’

मॅडम ओढत. तिचे चवडे माझ्या पट्ट्याला जेमतेम टेकत. मी खालून सरकायची, ती वरून लोंबकळायची, आणि माझ्या पडद्यावरचा आकडा वाढत जायचा. आत्या लगेच फोन लावत. ‘अहो वहिनी, अर्धा किलोमीटर चालली आज! एकदासुद्धा थांबली नाही!’

थांबेल कशी? चालत मी होते.

माणसाचं वजन माझ्यापासून लपत नाही. पण मला विचारतो कोण?

आज सकाळी मॅडमनी तिला जमिनीवर दहा मीटर चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला गुडघा मुडपला. मॅडमनी वेळेवर सावरलं.

‘तुमची फरशीच गुळगुळीत आहे,’ काका कडाडले. ‘मशीनवर तर पोरगी धावते!’

‘मग घरी मशीनच घेऊ या की,’ आत्या म्हणाल्या.

म्हणजे स्वयंपाकघरातून दारापर्यंत मी तिच्या पायांखाली धावायचं!

काकांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला. राजीनामा. ‘यावर सही कर. घरात काय कमी आहे तुला?’

तिने कागदाकडे पाहिलंच नाही. ती माझ्या पडद्याकडे बघत होती.

‘मॅडम, रोजचा तो अर्धा किलोमीटर कुणाचा? पट्ट्याचा की माझा?’

मॅडमनी काकांकडे पाहिलं.

‘त्यांच्याकडे काय बघता? पाय माझे आहेत. मोजणीची साखळी हवेत धरून जमीन मोजली तर मला नोकरीवरून काढतील. इथे तीन महिने तेच चाललंय ना?’

मॅडमचा चेहरा उतरला. ‘वजन पायांवर यायला हवं होतं,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘तोल जायला हवा होता. गेलेला तोल सावरता सावरताच चालणं येतं.’

‘मग चढवा मला. आणि दोर सैल सोडा.’

‘खबरदार!’ काका ओरडले. पण मॅडमनी, देव जाणे कुठून बळ आणून, दोर सैल केला.

आणि ती माझ्यावर उतरली. अख्खी. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला तिच्या टाचा कळल्या. मी अगदी हळू सरकले. एक पाऊल, दोन, तीन. डावा पाय अडखळला, ती कोलमडली, झोळीने तिला अधांतरी झेललं. आत्या किंचाळल्या. काकांनी झेप घेऊन लाल बटण दाबलं. लाल बटणापुढे माझं काही चालत नाही. मी थांबले.

‘कुणी दाबलं?’ ती धापा टाकत म्हणाली.

‘पडली असतीस!’

‘पडले का?’

काकांनी बटणावरचा हात काढला. तिने स्वतःच मला पुन्हा सुरू केलं. ती डगमगली, सावरली, घामाने निथळली. अकरा पावलं. पडद्यावर चार मीटर. अर्धा किलोमीटर मिरवणाऱ्या मला आज चार मीटरचा अभिमान वाटला.

बाबांनो, कळकळीची एकच विनंती आहे. आपल्या माणसावर माया करा, पण त्याला टांगून ठेवू नका.

काका मात्र कागद आणि उघडलेलं पेन घेऊन पुढे आलेच. ‘झाली हौस? कर आता सही.’

‘नाही करणार,’ ती म्हणाली. ‘महिनाअखेरीला जमलं तर कामावर जाईन. नाही जमलं तर मुदत वाढवून मागेन, आणि तो अर्ज मी लिहीन. माझी नोकरी तुम्ही सोडायची नाही. आता जरा बाजूला व्हा, मला समोरचं दिसत नाहीये.’

काका बाजूला झाले. खोलीत माझ्या मोटरीची घरघर तेवढी उरली, आणि तिचा डावा पाय धप्प, धप्प पडत राहिला.